जुन्या टीबीच्या छातीत लिम्फोमा लपलाय का? स्कॅन कसा करायचा, कसा वाचायचा

रामबागेतले एक आजोबा, पंच्याहत्तरी ओलांडलेली, मुलगा दंडाला धरून घेऊन आला आणि हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत जुन्या एक्स-रेच्या फिल्म, पावसाळ्याने एकमेकींना चिकटलेल्या. "साहेब, बाबांना तरुणपणी टीबी झाला होता, छातीत पू झाला होता, तेव्हापासून ही एक बाजू अशीच बसलेली आहे, पण आता दोन महिन्यांपासून पाठ दुखते आणि संध्याकाळी ताप येतो." हातात एक नवीन रिपोर्ट पण होता, त्यात एकच ओळ, जुन्या टीबीचे व्रण, बाकी काही नाही.

ही ओळ मी पण आयुष्यात शेकडो वेळा लिहिली आहे, इंदूरमध्ये रेडिओलॉजी करायची म्हणजे रोज दोन-चार तरी अशा छात्या बघायला मिळतातच, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ती बरोबरच असते. हा लेख उरलेल्या एकासाठी आहे. रेसिडेंट मुलं, टेक्निशियन भाऊ, आणि ज्यांच्या घरात असं कोणी म्हातारं माणूस आहे त्यांनी पण वाचा, अवघड शब्द आले तरी घाबरू नका, समजावून सांगतो.

फुफ्फुसाभोवती दोन पदरी आवरण असतं, प्ल्युरा. दोन पदरांच्या मधे पू साचला की एम्पायेमा, त्यालाच पायोथोरॅक्स पण म्हणतात. टीबीमुळे झालेला पू कधी कधी पूर्ण निघत नाही, आवरण जाड होतं, त्यात चुना बसतो आणि आत एक बंद पोकळी वर्षानुवर्षं पडून राहते. त्या पोकळीच्या भिंतीत फार क्वचित, पण खरंच, लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, उगवतो. नाव पायोथोरॅक्स-असोसिएटेड लिम्फोमा, आपण पीएएल म्हणू. १९८७ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं आणि आजही बहुतेक केसेस तिकडच्याच आहेत. कारण असं की टीबीची औषधं यायच्या आधी छातीत सुईने हवा भरून फुफ्फुस मुद्दाम दाबून ठेवायचे, म्हणजे त्याला आराम मिळेल. इटलीच्या फोर्लानिनींची ही पद्धत, जगभर चालली, जपानमध्ये तर खूपच, आणि त्यातल्या बऱ्याच लोकांच्या छातीत नंतर पू राहून गेला. २००२ मध्ये तिथल्या १०६ रुग्णांचा आढावा आला होता, त्यात सुमारे ८० टक्के लोकांना अशी हवा भरलेली होती, बाकीच्यांतल्या बहुतेकांना टीबीची प्ल्युरसी, म्हणजे त्या आवरणाची सूज. पू झाल्यापासून लिम्फोमा होईपर्यंतचा काळ २० ते ६४ वर्षं! आणि बायकांपेक्षा पुरुष सुमारे बारा पट.

या लिम्फोमाच्या पेशी असतात बी-सेलच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, मोठ्या आकाराच्या, आणि त्यांच्यात एप्स्टीन-बार व्हायरस, म्हणजे ईबीव्ही, सापडतो. हा व्हायरस आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात झोपलेला असतो, त्यामुळे रक्ताच्या टेस्टमध्ये ईबीव्ही आला म्हणून कोणी घाबरू नये. पण बंद पोकळीत, जिथे सूज कधी थांबत नाही आणि शरीराचे पहारेकरी नीट पोचत नाहीत, तिथे त्याचं फावतं.

पायरी १: आधी पिशवी उघडा

नवीन स्कॅन नंतर, आधी जुन्या फिल्म. मी हे इतकं ठासून सांगतो कारण मी स्वतः चुकलोय. काही वर्षांपूर्वी एका काकांचा सीटी आला, चुन्याचं जाड कवच, आत दाट पाणी, मी मागचं काही न मागता "जुनाच आहे, बदल नाही" लिहून मोकळा झालो. बदल नाही, हे मी कशाच्या जोरावर लिहिलं? जुनी फिल्म बघितलीच नव्हती! तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा खांद्याच्या हाडाखाली लिंबाएवढी गाठ बाहेरून हाताला लागत होती.

तर पहिलं काम, घरच्यांना विचारा. छातीत पू कधी झाला होता, नळी टाकली होती का, ऑपरेशन झालं का, हवा भरली होती का. "हवा भरली" हे म्हाताऱ्या माणसांना बरोबर आठवतं, बाकी औषधांची नावं आठवोत न आठवोत. मनोरमा राजे टीबी हॉस्पिटल किंवा एमवाय, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचे जुने कागद असतील तर ते पण मागा, आमच्या इंदूरच्या मराठी घरांत कागद टाकून देत नाहीत, माळ्यावर ट्रंकेत असतातच, फक्त कोणी चढून बघत नाही. चिकटलेल्या फिल्म ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो. आणि खिडकीसमोर धरून मोबाईलने फोटो काढणार असाल तर पूर्ण फिल्म, तारीख आणि डावी-उजवीची खूण दिसेल असा काढा.

मग विचारा, आता नवीन काय? पीएएलमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना छाती किंवा पाठ दुखते, चाळीसेक टक्क्यांना ताप असतो, काहींना छातीच्या भिंतीवर फुगवटा येतो. जो व्रण चाळीस वर्षं गप्प होता तो आता का दुखतोय, एवढा एकच प्रश्न डोक्यात ठेवून पुढचं सगळं करायचं.

पायरी २: एक्स-रे, पण दोन शेजारी शेजारी

एक्स-रे स्वस्त आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. जुना आणि नवा शेजारी लावा आणि चुन्याची ती पांढरी रेघ शोधा, बरगड्यांच्या आतून अंड्याच्या टरफलासारखी जाते ती. आता बरगडीच्या आतल्या कडेपासून त्या रेघेपर्यंतचं अंतर दोन्ही फिल्मवर एकाच बरगडीवर मोजा. वरच्या आजोबांच्या जुन्या फिल्मवर आठव्या बरगडीपाशी हे अंतर साधारण ७ मिलिमीटर होतं आणि नव्यावर २३. चुना स्वतःहून चालत नाही, त्याला कोणीतरी आत ढकललंय, म्हणजे बरगडी आणि चुना यांच्या मधे काहीतरी वाढतंय. हे एक चिन्ह ज्याच्या नजरेत बसलं त्याचं निम्मं काम झालं. फक्त दोन्ही फिल्म सारख्या धरलेल्या असाव्यात, पेशंट एका फिल्ममध्ये वळलेला असेल तर मिलिमीटरचा हिशोब कोलमडतो.

बाकी अजून काय बघायचं: बंद पोकळीत नव्याने हवा आणि पाण्याची आडवी पातळी दिसतेय का, बरगडीची कड खाल्ली गेलीये का, बाहेरची मऊ सावली फुगलीये का, आणि छातीची ती बाजू आधीपेक्षा जास्त पांढरी झालीये का. हवा-पाण्याची पातळी दिसली म्हणजे लिम्फोमाच असं नाही हं, श्वासनळीला भोक पडून साधा पू उसळला तरी ती दिसते.

पायरी ३: सीटी नीट करून घ्या

इथे टेक्निशियनचा वाटा मोठा. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, कॉन्ट्रास्टची (शिरेतून द्यायच्या, स्कॅनवर उजळणाऱ्या औषधाची) ॲलर्जी विचारा, किडनी कमजोर असेल आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरला विचारून ठरवा. मग दोन वेळा स्कॅन, आधी कॉन्ट्रास्टशिवाय आणि मग कॉन्ट्रास्ट देऊन. बऱ्याच ठिकाणी वेळ वाचवायला पहिला टाळतात आणि मग चुना कुठला आणि कॉन्ट्रास्टने उजळलेला भाग कुठला यातच घोळ होतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर लगेच स्कॅन मारू नका, ६० ते ७० सेकंद थांबा, प्ल्युरा तेव्हा चांगला उजळतो, घाईच्या स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या झकास दिसतात पण आपलं काम होत नाही.

आणि खाली कुठपर्यंत घ्यायचं? बसलेल्या छातीचा मागचा कोपरा, जिथे बरगड्या आणि डायफ्राम (छाती आणि पोटामधला पडदा) भेटतात, तो फार खाली जातो आणि गाठ तिथे लपलेली असू शकते. म्हणून ॲड्रिनलच्या (किडनीवरच्या ग्रंथींच्या) खालपर्यंत घ्या, अर्ध्या लिव्हरवर थांबू नका. पातळ स्लाइस, एक-दीड मिलिमीटरच्या, आणि त्यातून उभे व बाजूचे काप बनवून पाठवा. बाहेर फुगवटा असेल तर त्याच्यावर मार्कर चिकटवा, आणि हात वर नेता येत नसेल तर तसं लिहून ठेवा.

पायरी ४: सीटी वाचताना चरबीची काळी पट्टी शोधा

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

जुना एम्पायेमा असला की प्ल्युराच्या बाहेर, बरगड्यांच्या आतून, चरबी वाढते. आकसलेल्या छातीत रिकामी जागा भरायला शरीर तिथे चरबी भरतं म्हणा. सीटीवर ती काळपट पट्टी दिसते, कर्सर ठेवला तर आकडा (तो भाग किती दाट ते सांगणारा, हाउन्सफील्ड युनिटमध्ये) उणे १०० च्या आसपास येतो. म्हणजे बाहेरून आत यायचं तर क्रम असा: बरगडी, मग काळी चरबी, मग चुन्याचं कवच, मग आतला दाट पू. ही काळी पट्टी सलग दिसतेय तोपर्यंत मी शांत असतो. नवीन मुलं उलट करतात, चुना आत सरकलेला बघून घाबरतात, आणि मधे नुसती चरबी असते. एक्स-रेवरचं अंतर चरबीने पण वाढू शकतं, म्हणूनच तर सीटी करायचा.

आता सॉफ्ट टिश्यूच्या विंडोमध्ये, म्हणजे मऊ भाग नीट दिसतील अशा सेटिंगवर, रुंदी ४०० आणि पातळी ४०, वरून खाली हळूहळू स्क्रोल करत ती पट्टी बोटाने मागे मागे जावी तशी जा. कुठे ती तुटते? कुठे काळ्याच्या जागी राखाडी येतं? तिथे थांबा. त्या राखाडी भागाचा आकडा कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर, त्याच जागी मोजा. आतला पू आणि जुना कचरा कॉन्ट्रास्ट घेत नाही, आकडा जवळजवळ तोच राहतो. गाठ घेते, २० किंवा जास्तीने आकडा चढला की ती जिवंत मांसल गोष्ट आहे असं धरून चाला. आजोबांच्या स्कॅनमध्ये पोकळीच्या मधोमध २८ चा ३० झाला होता, आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात, बरगडी आणि चुन्याच्या मधे, ४१ चा ८६. मुलाला स्क्रीनवर दाखवलं तर तो म्हणाला, "हे तर आधीच्या रिपोर्टच्या सीडीत पण असेल ना?" होतं. लहान होतं, पण होतं.

मग बोन विंडो लावा. जुन्या एम्पायेमात बरगड्या जाड होतात, आतल्या बाजूने नवीन हाडाचा थर चढतो आणि दोन बरगड्यांमधली जागा चिंचोळी होते, हे सगळं जुनाट सुजेचं. लिम्फोमात उलट, हाड कुरतडलेलं दिसतं, पण प्रत्येक वेळी नाही, कधी कधी गाठ हाडाला हात न लावता दोन बरगड्यांमधून सरळ बाहेर स्नायूत शिरते. टीबी पण बरगडी खातो हे आपल्या देशात विसरायचं नाही. त्यामुळे हाड बघून निकाल लावू नका.

गाठी मोठ्या असतात, निदान होईपर्यंत बऱ्याच १० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या. डायफ्राम, फुफ्फुस, हृदयाचं आवरण, मणक्याजवळची छिद्रं, सगळीकडे शिरलीये का ते एकेक करून बघा. आणि एक मजेची गोष्ट, लिम्फोमा म्हटलं की आपण लिम्फ नोड शोधतो, पण हा आजार बराचसा छातीच्या त्याच बाजूला घर करून बसलेला असतो. नोड नाहीत म्हणून लिम्फोमा नाही, असा हिशोब इथे चालत नाही.

अशी दिसणारी दुसरी मंडळी कोण? पू स्वतःच भिंत फोडून बाहेर आला तरी फुगवटा येतो, पण त्याच्या मधे पाणी आणि फक्त कड उजळलेली असते. जुन्या रक्ताची हळूहळू फुगत जाणारी गाठ, मेसोथेलिओमा (प्ल्युराचा कॅन्सर), स्क्वॅमस कॅन्सर, अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कॅन्सर), ही सगळी पण जुन्या पोकळीच्या भिंतीत होऊ शकतात. सीटीवरून यांना वेगळं काढायचा हट्ट धरू नका, ते सुईचं काम आहे.

पायरी ५: सोनोग्राफी आणि एमआरआय, लागेल तेवढंच

बाहेर फुगवटा असेल तर सोनोग्राफी पाच मिनिटांत उपयोगी पडते. प्रोब हलकेच दाबा, पू असेल तर आतले कण फिरताना दिसतात, गाठ असेल तर घट्ट, काळपट, आणि डॉप्लर लावला की आत रक्तवाहिन्या. चुन्याच्या मागे मात्र सोनोग्राफी आंधळी.

एमआरआय सगळ्यांना नको. मणक्याकडे शिरलंय का, छातीची भिंत किती गेलीये, डायफ्राम पार केलाय का, एवढ्यासाठी मागवा. जुना तंतुमय प्ल्युरा टी-वन आणि टी-टू, या एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रांत, दोन्हीकडे काळा दिसतो, गाठ टी-वनवर स्नायूसारखी आणि टी-टूवर त्याहून उजळ, थोडी ठिपकेदार. डिफ्यूजनवर, म्हणजे एमआरआयच्या आणखी एका प्रकारच्या चित्रावर, फसू नका! गाठ तिथे चमकते हे सगळ्यांना माहीत असतं, पण दाट पू पण तसाच चमकतो. कॉन्ट्रास्ट घेतल्यावरच दोघांची फारकत होते.

पायरी ६: पेट-सीटी, आणि त्या सकाळी पोहे बंद

पेटमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात, जो भाग ते जास्त ओढतो तो स्कॅनवर पेटलेला दिसतो. त्यासाठी निदान सहा तास उपाशी यायचं, पाणी चालतं. आता इंदूरकराला सकाळी पोहे-जलेबी खाऊ नका सांगणं म्हणजे काय असतं ते इथलेच लोक जाणोत, एक काका "थोडेसेच खाल्ले भिया" म्हणत आले आणि शुगर २६०, परत पाठवावं लागलं. शुगर २०० च्या खाली हवी, नाहीतर साखरेचं औषध गाठीत नीट जातच नाही. आणि हे औषध साठवून ठेवता येत नाही, दर ११० मिनिटांनी अर्धं होतं, म्हणजे वेळ चुकली की डोस वाया. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, मोबाईलवर गप्पा नाहीत, सुपारी चघळणं नाही, जबड्याचे स्नायू उगाच पेटतात.

वाचताना लक्षात ठेवायचं ते एकच, आपल्याकडे पेटलं म्हणजे कॅन्सर असं नसतं, चालू टीबी पण तेवढाच पेटतो. पूर्वी छातीत टाल्क (प्ल्युराचे पदर चिकटवायची पावडर) टाकलेलं असेल तर ते पण वर्षानुवर्षं पेटलेलं दिसतं, म्हणून तो इतिहास विचारा. जुनाट पोकळीची कड साधारण बारीक आणि सगळीकडे सारखी, मंद दिसते. गाठ एका जागी, जाड, ढेकळासारखी आणि खूप तेज. पेटचा खरा फायदा दोन गोष्टींत, सुई नेमकी कुठे मारायची ते कळतं आणि बाकी शरीरात कुठे पसरलंय का ते कळतं.

पायरी ७: सुई कुठे मारायची

पोकळीतून पू ओढून तपासायला पाठवला तर बहुतेक वेळा रिपोर्ट येतो, पू आहे, कॅन्सरच्या पेशी नाहीत. आणि सगळे निवांत होतात. पेशी भिंतीत बसल्यात, मधल्या कचऱ्यात त्या कशा मिळणार? त्यामुळे सीटी किंवा सोनोखाली कोअर बायप्सी, म्हणजे जाड सुईने मांसाचा तुकडा काढणं, बारीक सुईची एफएनएसी नको, लिम्फोमाचा प्रकार ठरवायला पुरेसा तुकडा लागतो. जिथे आकडा चढला होता, जिथे पेट तेज होता, तिथून तीन-चार तुकडे घ्या. मधला काळा सडलेला भाग टाळा, आणि सुईची वाट पुवाच्या पोकळीतून जाऊ देऊ नका, नाहीतर तो पू भिंतीत उतरतो. त्याआधी रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) बघितलेला असावा, हे वेगळं सांगायला नको.

तुकडे दोन डब्यांत. एक फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, दुसरा सलाईनमध्ये टीबीच्या सीबीनॅट (जंतूंचा डीएनए शोधणारी टेस्ट) आणि कल्चरसाठी. सगळेच फॉर्मॅलिनमध्ये बुडवले की कल्चर गेलं, आणि ही चूक मी महिन्यातून एकदा तरी बघतो. फॉर्मवर पॅथॉलॉजीवाल्यांना स्पष्ट लिहा: जुना टीबी एम्पायेमा, इतकी वर्षं, लिम्फोमाची शंका, सीडी-२० आणि ईबर करा. सीडी-२० म्हणजे बी-सेलवरची खूण, आणि ईबर म्हणजे ईबीव्ही पेशीच्या आत आहे का ते दाखवणारी टेस्ट, न मागता सगळीकडे होत नाही.

बायप्सी व्हायच्या आधी स्टेरॉइड सुरू करू नका, लिम्फोमा त्याने विरघळल्यासारखा होतो आणि तुकड्यात काही सापडत नाही. आणि पुरावा नसताना "एकेटी (टीबीच्या गोळ्या) देऊन बघू" हे तर आपल्या भागातलं जुनं दुखणं, सहा महिने गोळ्या चालतात, गाठ तोवर दुप्पट. जंतू सापडले तर एकेटी जरूर द्या. आणि एक ध्यानात ठेवा, दोन्ही एकत्र पण असू शकतात.

आजोबांचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला, मोठ्या पेशींचा बी-सेल लिम्फोमा, सीडी-२० पॉझिटिव्ह, ईबर पॉझिटिव्ह. एलडीएच, लिम्फोमात वाढणारं रक्तातलं एक एन्झाइम, ते पण चढलेलं होतं. पुढचं काम ऑन्कोलॉजीचं, केमो, सोबत सीडी-२० वर चालणारं रिटुक्सिमॅब, कुठे रेडिएशन, क्वचित मोठं ऑपरेशन. खोटा दिलासा देत नाही, २००२ च्या त्या जपानी आढाव्यात पाच वर्षं जगणारे साधारण पाचातला एक होते, पण त्यातल्या बऱ्याच केसेस रिटुक्सिमॅब यायच्या आधीच्या.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं, आणि नंतरचे स्कॅन

"जुने व्रण" एवढंच लिहून थांबू नका. कुठल्या तारखेच्या फिल्मशी तुलना केली ते लिहा, तुलना केलीच नसेल तर ते पण प्रामाणिकपणे लिहा. चुन्यापासून बरगडीचं अंतर तेव्हा किती, आता किती. चरबीची पट्टी कुठल्या बरगडीपाशी तुटली. आकडा किती चढला. गाठीचं माप तीन दिशांनी. आणि शेवटी एक सरळ ओळ, जुन्या एम्पायेमाच्या भिंतीत नवीन उजळणारी गाठ, लिम्फोमासकट कॅन्सरची शंका, अमुक जागेची बायप्सी करावी. डॉक्टरला फोन पण करा, रिपोर्ट पाकिटातच राहून जातात.

उपचार झाल्यावर पेट घाईने करू नका, केमो संपल्यावर सहा ते आठ आठवडे, रेडिएशन झालं असेल तर आठ ते बारा, नाहीतर उपचाराची सूजच पेटलेली दिसते. त्याच मशीनवर, तितक्याच उपाशी पोटी झाला तर तुलना सोपी जाते. निकाल डोव्हिल स्कोअरने देतात, १ ते ५, गाठ लिव्हरपेक्षा जास्त पेटते की कमी यावर. पण जुन्या पोकळीची मंद कड शेवटपर्यंत तशीच राहणार आहे, म्हणून उपचाराआधीचा पेट समोर उघडा ठेवून वाचा. आजोबांच्या मुलाने या वेळी सगळ्या सीडी आणि फिल्म एका फाइलमध्ये तारखेने लावून आणल्या होत्या, साडीच्या दुकानाची पिशवी मात्र तीच.